ताई, चाव्या आमच्या हाती दिल्यात!

ताई, नमस्कार.

हिंजवडीपासून खराडीपर्यंत विखुरलेल्या आमच्या सॉफ्टवेअर डेव्हलपर गटाची स्वतःची वेबसाइट अखेर सुरू झाली, ती तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगायलाच हवं.

आधी ज्यांना काम दिलं होतं, त्यांनी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्याच नावावर घेऊन ठेवलं होतं. ट्रान्सफरसाठी ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड, मागितला की "बघतो, पाठवतो". बिलं मात्र वेळेवर यायची. लोकांच्या नावाची पाटी आपल्या खिशात ठेवून वर पैसे मागायचे, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "रजिस्ट्रारच्या खात्यावर ईमेल कोणाचा आहे?" डिझाइनचा विषय त्यानंतर. रजिस्ट्रार म्हणजे डोमेन नोंदवणारी कंपनी; तिथलं खातं गटाच्या सामाईक ईमेलवर आणलंत आणि टू-फॅक्टरचे (लॉगिनच्या दुहेरी तपासणीचे) बॅकअप कोड दोघांकडे ठेवायला लावलेत. डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे हे डीएनएस सांगतं, आणि ते उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं तो टीटीएल. आमचा टीटीएल ८६४०० होता, म्हणजे सर्व्हर बदलल्यावर काहींना २४ तासांपर्यंत जुनीच साइट दिसत राहिली असती. तुम्ही तो आदल्या दिवशीच ३०० वर आणून ठेवलात. साइटच्या सुरक्षित जोडणीसाठीचं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. पहिल्यांदा ते सहज मिळतं, गाडी अडते रिन्यूअलला, कारण मधल्या काळात कुणीतरी फायरवॉलवर ८० नंबरचं पोर्ट (सर्व्हरचं एक दार) बंद करतं आणि डोमेन आपलंच आहे याची एचटीटीपी पडताळणी तर तिथूनच होते. म्हणून रिन्यूअलचा ड्राय रन, म्हणजे रंगीत तालीम, करून दाखवलात.

मराठी पानांकडे तर आजवर कुणी लक्षच दिलं नव्हतं. मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमध्ये जादा अंतर) दिल्यामुळे शिरोरेषा तुटायची, लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ असल्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला टेकायचा. तुम्ही स्पेसिंग शून्य केलंत, लाइन-हाइट १.६ केलीत आणि पानाच्या कोडमधली भाषा 'एचआय'ची (हिंदी) 'एमआर' (मराठी) केलीत. त्या एका बदलाने नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श उमटले. किती बरं वाटलं ते पाहून!

पण खरे आभार आहेत ते शेवटच्या पाच मिनिटांचे. सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन तुम्ही आधीच बंद केलं होतं. निघण्यापूर्वी ऑथोराइज्ड कीजच्या फाइलमधली (कुणाच्या डिजिटल किल्लीने आत येता येतं, त्याची यादी) तुमची स्वतःची ओळ आमच्यादेखत काढलीत आणि मग तुमच्याच लॅपटॉपवरून आत शिरायचा प्रयत्न केलात. 'परमिशन डिनाइड' आलं. "झालं, आता हे तुमचं," म्हणालात. कुणी मागितलं नव्हतं, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दुसऱ्याच्या घराची किल्ली काम संपताच परत करणारी माणसं आपल्या व्यवसायात आहेत, हे पाहून भरून आलं.

डोमेन आणि होस्टिंगच्या मुदतीच्या तारखा आता गटातल्या तिघांच्या कॅलेंडरमध्ये आहेत. उद्या सर्व्हर बदलायचा झाला, तर कुणाच्या मिनतवाऱ्या न करता बदलता येईल.

मनापासून आभार, ताई.

गटातले आम्ही सगळे,
पुणे