वार्षिक परिषदेतील ठळक मुद्दे : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासद डॉक्टरांस सस्नेह नमस्कार.

नुकत्याच झालेल्या आपल्या वार्षिक परिषदेस ज्यांना दवाखाना सोडून येता आले नाही, त्यांच्यासाठी काही मुद्दे देत आहोत. सर्वाधिक चर्चा रक्तदाब मोजण्याच्या पद्धतीवर झाली, आणि ती होणे गरजेचेच होते. जिना चढून आलेल्या रुग्णाला लगेच पट्टा न बांधता ५ मिनिटे पाठ टेकवून शांत बसवावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि जाड दंडासाठी मोठा पट्टा वापरावा. लहान पट्ट्याने दाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो आणि गरज नसताना रुग्णाच्या मागे कायमची गोळी लागू शकते. मधुमेहींचे तळपाय वर्षातून एकदा तरी मोजे उतरवून, १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्शाची जाणीव तपासण्याच्या नायलॉनच्या बारीक तंतूने) तपासावेत.

क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. निक्षय या शासनाच्या क्षयरुग्ण-नोंदणी पोर्टलवर ती झाल्यावरच रुग्णाला उपचारकाळात दरमहा १००० रुपयांचे पोषण साहाय्य मिळू शकते, म्हणून ज्यांच्या नोंदी राहिल्या असतील त्यांनी त्या याच आठवड्यात पूर्ण कराव्यात, ही कळकळीची विनंती.

उपस्थितीची प्रमाणपत्रे कार्यालयातून घेऊन जावीत.

आपला,
सचिव