पाय सैल पडले ती दुपार

मिरज,
२१ सप्टेंबर

प्रिय विलास,
स. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "मग पंपाच्या ऑपरेशनचं काय ठरलं?" आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला. ही समोर बसून भाजी निवडत होती, आणि मला जे बोलायचं होतं ते तिच्यासमोर बोलवेना. म्हणून हे पत्र. दोन रात्री लिहितोय. निवांत वाच, आणि वाचल्या वाचल्या फोन करू नकोस, एक दिवस जाऊ दे.

आधी त्या दुपारचं सांगतो. मणक्यात औषध सोडणारा पंप माझ्या आखडणाऱ्या पायांना चालेल का, त्या चाचणीसाठी मुंबईला जाऊन आलो एवढंच तुला माहीत आहे. सकाळी साडेनऊला त्यांनी मला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले. ते काही केल्या येईनात, शेवटी दोन वॉर्डबॉयनी धरून ठेवले, तेव्हा कुठे मणक्यांमधून सुई आत गेली. औषध किती, तर ताठर स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन, ५० मायक्रोग्रॅम. मी गोळ्यांतून दिवसाला ६० मिलिग्रॅम घेतो, म्हणजे ६०,००० मायक्रोग्रॅम. त्याचा बाराशेवा हिस्सा. मी पडल्या पडल्या तो भागाकार तीनदा करून पाहिला. एवढ्याशानं काय होणार, असंच वाटत होतं.

तासाभरानं उजवं पाऊल बाहेरच्या अंगाला कललं. गाढ झोपलेल्या माणसाचं कलतं तसं, आपोआप. मग डावं. तुला आठवत असेल, माझे गुडघे एकमेकांना चिकटलेले असतात, रात्री कातडी सोलवटू नये म्हणून ही दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घालते, आणि ती उशी सकाळी काढताना तिला जोर लावावा लागतो. त्या दुपारी दीडच्या सुमाराला ती उशी निसटून खाली पडली. हिनं ती उचलली आणि छातीशी धरून तशीच उभी राहिली. काही बोलली नाही. मी पण नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा माझे पाय माझ्या अंगाला लागून नुसते पडलेले होते. जड, ऊबदार, गप्प. पाऊल थडथडत नव्हतं, पोटरीत गोळा येत नव्हता. विलास, मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी उघड्या डोळ्यांनी कुठल्याही कागदावर सही केली असती.

मग फिजिओ आली. तिनं दोन्ही पाय वाकवून, ताणून पाहिले. ताठरपणा मोजायचं त्यांचं एक माप असतं, शून्य ते चार. सकाळी तीन होता, आता एक. ती खूश झाली. म्हणाली, "सर, आता उभे राहू या." कमरेला पट्टा बांधला, वॉकर पुढे ठेवला. मी उठलो आणि दोन्ही गुडघे ओल्या मातीसारखे खचले. तिनं पट्टा धरला होता म्हणून जमिनीवर आलो नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. सकाळी ज्या पायांवर मी स्वतः चालत वॉर्डात आलो होतो, वेडावाकडा का होईना, पण चालत, त्या पायांवर मला उभंही राहता येईना.

संध्याकाळी सहाच्या पुढे औषध उतरलं. बोटांपासून वर हळूहळू पाय परत आखडत गेले. आणि खरं सांगतो, त्यांचं परत येणं मला नकोसं झालं आणि हायसंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. तिथपासून मी अडकलोय.

हा आजार तुला नावानं माहीत आहे, हेरेडिटरी स्पॅस्टिक पॅराप्लेजिया, म्हणजे घराण्यातून उतरणारा पायांचा ताठरपणा, पण आत काय होतं ते मी कधी नीट सांगितलं नव्हतं. मेंदूतून कमरेपर्यंत जाणारे जे सगळ्यात लांब मज्जातंतू असतात ते टोकाकडून झिजत येतात. कालव्याच्या शेपटाकडच्या रानाला आधी पाणी तुटतं, तसं. वरून जी आज्ञा येते त्यात "उचल" असतं तसं "सोड"ही असतं. ती "सोड" खाली पोचेनाशी झाली की स्नायू धरून ठेवायचं थांबवतच नाहीत. बॅक्लोफेन त्या "सोड"चं काम करतं. पण "उचल" परत आणायला त्याच्याकडे काही नाही. माझ्या पायांत ताकद उरली आहे ती फार थोडी, बाकीचं उभं राहणं मी या ताठरपणाच्या जोरावरच करत आलोय. तो काढून घेतला की खाली काय उरतं, ते त्या दुपारी बघितलं.

माझ्या वडिलांना, आण्णांना, तू पाहिलंयस. त्यांच्या चपला आठवतात? टाच कोरी राहायची आणि पुढचं टोक झिजून अंगठा बाहेर यायचा. दर दोन महिन्यांनी नवी जोडी. गावात कुणी संधिवात म्हणायचं, कुणी बाहेरचं काही. ते शेवटची नऊ वर्षं ओट्यावरच्या स्टुलावर बसून होते आणि त्यांना काय झालंय याचं नाव त्यांना कधी कळलं नाही. मला नाव कळलं, एवढाच फरक. आणि हे औषध मिळालं.

पण गोळ्यांनी आता पुरत नाही. ६० मिलिग्रॅम बॅक्लोफेन, वर त्याच कामाचं टिझानिडीन, आणि तरी रात्री दोनला पाय असे झटकतात की ही जागी होते. डोस वाढवला की डोकं बधिर होतं. गेल्या महिन्यात दहावीच्या वर्गात वर्गसमीकरण सोडवताना फळ्यासमोर मी मधेच थांबलो आणि पुढची पायरी आठवेना. पोरं शांत बसून राहिली, माझी कीव करत. तीस वर्षं शिकवतोय मी ते. त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. स्नायू ढिले करणारी बोटॉक्सची इंजेक्शनंही घेतली, तीन महिने बरं वाटतं, पण मांड्यांसारख्या मोठ्या स्नायूंना किती म्हणून टोचणार.

पंप तुला माझ्यापेक्षा लवकर समजेल. गोळी म्हणजे पाटानं पाणी. अख्खं रान भिजतं, पिकापेक्षा तणच जास्त पितं, आणि आपल्या कृष्णाकाठची जमीन क्षारपड होते तसं माझं डोकं झालंय. पंप म्हणजे ठिबक. पोटाच्या कातडीखाली टायटॅनियमची गोल चकती, मिसळणाच्या डब्यातल्या वाटीएवढी, दोन सेंटीमीटर जाड. तिच्यातून एक बारीक नळी कातडीखालून पाठीकडे फिरवून थेट मणक्यातल्या पाण्यात सोडतात. थेंब थेंब, मुळाशी. म्हणून बाराशेव्या हिश्शात काम होतं. आणि किती थेंब, ते डॉक्टर बाहेरूनच यंत्र पोटावर धरून बदलू शकतात, रात्री जास्त, दिवसा कमी असंही. मी खचलो त्याचं कारण त्यांनी सांगितलं, की चाचणीत सगळं औषध एकदम ओततात, पंप ते दिवसभरात पसरून देतो, आणि सुरुवात अगदी थोड्यानं करतात.

हे नवीन खूळ नाही, हेही वाचून काढलं. रेणू १९६२ चा, फेफऱ्यासाठी बनवला होता, तिथे फारसा चालला नाही. १९८४ साली शिकागोत पेन आणि क्रोइन या संशोधकांनी तो पहिल्यांदा थेट मणक्यात सोडला. आपण दोघं तेव्हा पाचवीत होतो. म्हणजे चाळीस वर्षं लोक हे पोटात घेऊन जगतायत.

आता भीती. ऑपरेशनची मला फार नाही. जंतुसंसर्ग होऊ शकतो, नळीच्या वाटेनं मेंदूज्वरापर्यंत जाऊ शकतो, मणक्यातलं पाणी झिरपून महिनाभर डोकं दुखू शकतं, सगळं ऐकलं. बॅटरी सात वर्षांच्या आसपास चालते, मग पंप बदलायचा. पहिला पंप माझ्या निवृत्तीपर्यंत पुरेल, दुसरा पेन्शनीत. पैशाचं म्हणशील तर काही लाखांचा मामला आहे, विमा थोडा देईल, उरलेल्यासाठी मळ्याशेजारचा तुकडा भावाला द्यायचं बोललोय. ते होईल.

मला झोप येत नाही ती औषध तुटण्याच्या विचारानं. पंप रिकामा झाला किंवा नळी निसटली आणि औषध एकाएकी थांबलं, तर आधी अंगाला खाज सुटते, मग ताप, मग पाय आत्ता आहेत त्याच्या कितीतरी पट आखडतात, भ्रम होतो, फिट येते. माणूस दगावूही शकतो. म्हणून भरायची तारीख चुकवायची नाही, चुकलीच तर पंप पोटात वाजायला लागतो. हिशेब करून बघितला. २० मिलिलिटरची टाकी, मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,०००. दिवसाला १०० लागले तर १०० दिवस, आणि तळाशी थोडं राखायचं, म्हणजे धरून चाल तीन महिने. दर तीन महिन्यांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव, पण हा पंप भरून त्याचं सेटिंग करणारं मला इथे कुणी सापडलं नाही.

आणि विलास, आपला ऑगस्ट. २०१९ ला तू फोनवर रडकुंडीला आला होतास, आठवतं? हायवे बंद, रेल्वे बंद, सांगलीत होड्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्याच आठवड्यात माझी तारीख असती तर? मधल्या २०२० च्या लॉकडाऊनचं तर नावच काढू नकोस. हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला तेव्हा ते क्षणभर थांबले, त्यांना तो सुचला नसावा. मग बसून आम्ही कॅलेंडर मांडलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पंप भरला तर ऑगस्ट पार पडतो. घरात गोळ्यांचा साठा कायम ठेवायचा, त्यानं सगळं भागत नाही, पण वेळ मिळतो. मोठी टाकीही मिळते, ४० मिलिलिटरची. माझ्या किडकिडीत पोटात ती मावेल का, ते बघणार आहेत.

एक गोष्ट तुलाच विचारायची आहे, कारण तू पंचवीस वर्षं द्राक्षबागांत ठिबक बसवतोयस. डॉक्टर म्हणाले, पंप स्वतः क्वचित बिघडतो, त्रास होतो तो नळीचा. ती मुडपते, सुटते, चिरते. तुझ्याकडेही असंच ना, मोटर वर्षानुवर्षं चालते आणि लॅटरलच्या बारीक नळ्या आणि जोड दगा देतात? तू बिघाड कसा ओळखतोस, शेवटच्या झाडाची पानं मलूल झाल्यावर, की त्याआधी काही कळतं? मला ते तुझ्या भाषेत समजून घ्यायचंय.

आता जे हिच्यासमोर बोलता आलं नाही ते. आमची पोर चिमी तेवीसची झाली. आमच्या आजाराचा प्रकार असा की आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलात उतरायची शक्यता अर्धी. तिनं रक्त तपासलेलं नाही, आम्ही विचारलेलंही नाही. पुण्याहून ती आली की सॅंडल दाराशी काढते, आणि ती आत गेल्यावर मी भिंत धरून दारापर्यंत जातो आणि त्यांची पुढची टोकं बघतो. दर खेपेला. गेल्या रविवारी मी असा वाकलेला असताना ती मागे उभी होती. तिनं नुसतं माझ्या दंडाला धरून मला खुर्चीपर्यंत आणलं. म्हणाली, "बाबा, तुमचं काय करायचं ते तुमच्यासाठी ठरवा. माझ्यासाठी म्हणून काही करू नका, आणि माझ्यासाठी म्हणून काही टाळूही नका." त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की मी पंप घ्यावा असं मला वाटत होतं ते बरंचसं तिला दाखवण्यासाठी, की बघ, यावर उपाय आहे. आणि घेऊ नये असं वाटत होतं तेही तिच्यासाठीच, की तिनं बापाला चाकाच्या खुर्चीत बघू नये.

म्हणून आता फक्त माझ्यापुरतं विचारतो. मला काय हवं आहे? जोतिबाचा डोंगर चढायचं आता मनातही येत नाही. मला रात्र सलग झोपायला हवी. डोकं स्वच्छ हवं, पायरी न विसरता गणित सोडवता यायला हवं. हिला उशी ओढावी लागू नये. आणि घरातल्या घरात, पलंगापासून न्हाणीपर्यंत, शाळेत रिक्षापासून वर्गापर्यंत, माझ्या पायांनी जाता यायला हवं. पहिल्या तीन गोष्टी पंप देईल असं त्या दुपारनं सांगितलं. चौथी तो हिरावून घेईल का, हे एका ५० मायक्रोग्रॅमवरून कळत नाही.

डॉक्टरांनी मधला एक मार्ग सुचवलाय. पंप बसवायच्या आधी पाठीत तात्पुरती नळी घालून बाहेरच्या पंपातून तीन-चार दिवस औषध द्यायचं, थोडं थोडं वाढवत, आणि रोज मला चालवून बघायचं. जिथे झटके थांबतात आणि गुडघे अजून धरून आहेत अशी जागा सापडते का, ते शोधायचं. सापडली तर पंप. नाही सापडली तर मी गोळ्यांवर आणि व्यायामावर राहीन, आणि ते दुःख करत बसणार नाही. दिवाळीच्या सुटीत दाखल व्हायचं, एवढं मी ठरवलं. हिला अजून सांगितलेलं नाही, उद्या सांगेन.

तू त्या चार दिवसांसाठी ये. ही रोज मला बघते, तिच्या डोळ्यांना आता फरक कळत नाही, आणि मला बरं वाटावं म्हणून ती "छान चाललात" म्हणेल. फिजिओ दहा मीटरला किती सेकंद लागले ते लिहील, पण तिनं मला आधी कधी पाहिलेलं नाही. तू माझ्याबरोबर रात्रभर कोल्हापूरपासून जोतिबापर्यंत चालत गेलायस. माझी चाल बिघडायला लागली तेही पहिल्यांदा तूच ओळखलंस, "मध्या, उजवा पाय घासतोयस" म्हणालास. मी ते तेव्हा उडवून लावलं होतं. या वेळी तू जे सांगशील ते मी मानीन. कॉरिडॉरच्या टोकाला उभा राहा, मी तुझ्याकडे चालत येईन, आणि जे दिसेल तेच सांग.

छाटण्या तोवर उरकल्या असतील, पण फवारणीच्या दिवसांत तुझ्या गिऱ्हाइकांचे फोन थांबत नाहीत, हे माहीत आहे. तरी ये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
मधू

ता. क. नळीबद्दल विचारलंय त्याचं उत्तर फोनवर नको, लिहूनच पाठव. डॉक्टरांना दाखवायचंय.