व्हिडिओ मेजरिंग मशीनच्या प्रकाशव्यवस्थेबद्दल तक्रार

प्रति,
विक्री व सेवा विभाग प्रमुख

विषय: मशीनसोबत दिलेला बॅकलाइट (पार्टच्या खालून येणारा उजेड) गोल पार्टच्या मोजमापासाठी निरुपयोगी असल्याबाबत

महोदय,

आपले व्हिडिओ मेजरिंग मशीन (कॅमेऱ्याच्या चित्रावरून पार्टची मापे घेणारे) आमच्या तपासणी विभागात बसवून चार महिने झाले. लेन्स, कॅमेरा, टेबलाची हालचाल यांबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार प्रकाशाची आहे.

ऑर्डर देण्यापूर्वी आम्ही आपल्याकडे तीन नमुने पाठवले होते: टर्निंग केलेली चकचकीत स्टीलची पिन, काळ्या प्लास्टिकचे झाकण आणि काउंटरबोअर (सपाट तळाचे, तोंडाशी रुंद केलेले भोक) असलेला ॲल्युमिनियमचा ब्लॉक. ते जसेच्या तसे, पाकीटही न फोडता परत आले. डेमो झाला तो क्रोमच्या रेघा असलेल्या काचपट्टीवर, आणि मशीन बसवल्यावरची स्वीकृती चाचणीही त्याच पट्टीवर. खालून उजेड दिला की काचेवरची क्रोमची रेघ काळीकुळकुळीत दिसते आणि तिला जाडी जवळपास नसतेच. तिची कड कुठल्याही मशीनला सापडेल. आम्ही मात्र काचपट्ट्या बनवत नाही.

आमच्या पिनचा व्यास ६ मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे १० मायक्रॉन. पहिल्याच महिन्यात एक अख्खी बॅच मशीनने 'अंडरसाइज' म्हणून नाकारली. पुरवठादाराला कडक पत्र गेले. तो मायक्रोमीटर घेऊन आमच्याच टेबलापाशी उभा राहिला आणि त्याची प्रत्येक पिन बरोबर निघाली. माफी आम्हाला मागावी लागली.

त्यानंतर आम्ही प्रमाणपत्र असलेला ६.००० मिमीचा पिन गेज, म्हणजे अचूक व्यासाची प्रमाण पिन, मशीनवर ठेवला. बॅकलाइट ७० टक्क्यांवर असताना वाचन आले ५.९८७. ऑपरेटरने उजेड ३० टक्क्यांवर आणला, तर ५.९९४. तो म्हणाला, "साहेब, बटण फिरवलं की पिन जाडी-बारीक होतेय." स्क्रीनवर झूम करून पाहिले तर कडेवर काळ्या-पांढऱ्याची स्पष्ट सीमा नव्हतीच, आतल्या बाजूला राखाडी पट्टा पसरलेला होता. त्याच प्रकाशात पातळ पत्र्याची शिम ठेवली, तर तिचे माप एका मायक्रॉनच्या आत बरोबर आले. म्हणजे दोष कॅलिब्रेशनचा नाही.

कारण आपल्या अभियंत्यांना ठाऊक असायला हवे. आपण दिलेला बॅकलाइट डिफ्यूज आहे, म्हणजे दुधी काचेतून सगळ्या दिशांना उजेड फेकणारा. तिरके किरण पिनच्या गोल, चकचकीत अंगावर घासून परावर्तित होतात आणि लेन्समध्ये शिरतात. त्यामुळे सावलीची कड आत सरकते आणि व्यास कमी भरतो. गोल पार्टला समांतर किरणांचा, म्हणजे कॉलिमेटेड बॅकलाइट लागतो. एक गंमत सांगतो. आम्ही काळ्या कागदात पिनपेक्षा थोडी रुंद खाच कापून तो टेबलाच्या काचेवर अंथरला. आजूबाजूचा तिरका उजेड अडला आणि १३ मायक्रॉनची चूक ५ वर आली. एवढ्या महागड्या मशीनला कागदाची मदत घ्यावी लागावी, हे आम्हाला पटलेले नाही.

आपल्या अभियंत्यांनी भेटीत सुचवलेला उपाय असा: सॉफ्टवेअरमध्ये १३ मायक्रॉन मिळवा. हा उपाय आम्ही स्वीकारणार नाही. ३ मिमीच्या पिनला चूक ८ मायक्रॉन आहे, शिमला जवळपास शून्य, आणि उजेड बदलला की तिन्ही आकडे बदलतात. मग कुठला आकडा मिळवायचा?

बाकी दोन पार्टचेही थोडक्यात. काउंटरबोअरचा सपाट तळ कोॲक्सिअल, म्हणजे लेन्समधूनच सरळ खाली पडणाऱ्या, प्रकाशात छान दिसतो, पण तोंडाचा चँफर (उतरती कापलेली कड) तिरका असल्याने उजेड लेन्सकडे परतत नाही आणि काळा पडतो. मग सॉफ्टवेअर कधी चँफरची आतली कड धरते, कधी बाहेरची. काळ्या झाकणावरची कोरलेली खूण दिसायला एका बाजूने, खालच्या कोनातून उजेड हवा. कोटेशनमध्ये रिंग लाइट (लेन्सभोवतीचा गोल दिवा) 'चार भागांत स्वतंत्र नियंत्रण असलेला' असे लिहिले आहे, प्रत्यक्षात आलेला पूर्ण वर्तुळ एकदमच पेटवतो. ही सरळ चुकीची वस्तू आहे.

आमच्या मागण्या: कॉलिमेटेड बॅकलाइट आणि चार भागांचा रिंग लाइट विनामूल्य बदलून द्यावा. स्वीकृती चाचणी आमच्या तीन पार्टवर आणि पिन गेजवर पुन्हा घ्यावी, आणि उजेड ३० वरून ७० टक्क्यांवर नेला तरी पिन गेजचे वाचन २ मायक्रॉनपेक्षा जास्त हलू नये. प्रत्येक पार्टच्या प्रोग्रॅममध्ये कोणता प्रकाश, किती टक्के, हे आपल्या अभियंत्यांनी बसवून लेखी द्यावे. पंधरा दिवसांत तारीख कळवली नाही, तर करारातील कलमानुसार उरलेली रक्कम रोखून ठेवू.

तोपर्यंत पिना मायक्रोमीटरवरच तपासत आहोत. नमुन्यांचा दुसरा संच सोबत जोडला आहे. या वेळी पाकीट फोडावे.

आपला,
प्रमुख, गुणवत्ता विभाग

सोबत: पिन गेजच्या वाचनांचा तक्ता, स्क्रीनवरील कडेची छायाचित्रे, कोटेशनची प्रत, तीन नमुने