आधी चपला काढायला सांगा

प्रति,
माननीय लोक स्वास्थ्य मंत्री,
मध्यप्रदेश शासन, भोपाळ

महोदय,

स. न. वि. वि.

गौरी यायच्या त्या सकाळी इंदूरच्या सुदामानगरात अक्काच्या घरी मी फुलोऱ्याच्या करंज्या तळत होते. अक्काचा सहा वर्षांचा नातू आत आला आणि म्हणाला, ‘‘आजीने पावलं काढली, पण एकाच पायाची का?’’ बाहेर जाऊन बघते तर पांढऱ्या फरशीवर देवघरापासून ओट्यापर्यंत लाल ठसे, सगळे उजव्या पायाचे. अक्का मात्र शांतपणे कणीक मळत होती. तिच्या स्लिपरच्या तळातून एक खिळा आरपार वर आला होता, आणि आदल्या दिवशी राजवाड्यावर पत्री-फुलं आणायला ती तीच स्लिपर घालून गेली होती. दुखलं कसं नाही म्हणून विचारलं तर म्हणते, ‘‘अगं, पाय थोडे जड असतात माझे.’’

दीड महिन्यात उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला.

अक्काला अकरा वर्षांपासून शुगर आहे. दवाखाना तिने कधी चुकवला नाही. कोणता ते लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती आणि दुसरीकडे काही वेगळं घडलं असतं असंही मला वाटत नाही. तिचं कार्ड माझ्यासमोर आहे. महिन्याच्या महिन्याला शुगर, बीपी, वजन, सगळं निळ्या शाईत नीट लिहिलेलं आहे. पायाबद्दल मात्र एक अक्षर नाही. पायात मुंग्या येतात, चालताना चप्पल कधी निसटली ते कळत नाही, गादीवरून चालल्यासारखं वाटतं, हे तिने सांगितलं होतं. त्यावर ताकदीची गोळी मिळाली. अकरा वर्षांत ‘‘काकू, चपला काढा बरं’’ असं तिला कोणी म्हटलं नाही. दंडाला पट्टा बांधतात, बोटाला सुई टोचतात, पण टेबलाखाली कोणी बघत नाही.

ऑपरेशननंतर ड्रेसिंगला घरी जे ब्रदर यायचे, ते आधी बरीच वर्षं कुष्ठरोगाच्या कामात होते. मला जे काही कळलं ते त्यांच्याकडून, आणि मग शाळेत विज्ञान शिकवायची जुनी खोड म्हणून थोडं वाचून. मधुमेहात नसा बधिर होतात तेव्हा साधारण निम्म्या लोकांना काहीच जाणवत नाही. मुंग्याही नाहीत, आगही नाही. म्हणजे रुग्ण सांगेल तेव्हा बघू म्हणून चालत नाही. टाइप दोनचा मधुमेह कळला त्याच दिवशी पाय बघायचे, टाइप एकमध्ये पाच वर्षांनी सुरुवात करायची, आणि पुढे दर वर्षी. मेलेली नस जिवंत करणारं औषध अजून नाही, म्हणून तर लवकर कळायला हवं. कळलं की माणूस रोज रात्री तळपाय बघतो, अनवाणी फिरत नाही, शेकायला गरम पाण्याची पिशवी घेत नाही. अक्का प्रत्येक नवरात्रात बिजासन टेकडीवर अनवाणी जायची. तिला अडवायला आमच्याकडे कारणच नव्हतं.

तपासणीला यंत्र लागतं असं नाही. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे ठरावीक जाडीचा नायलॉनचा दोरा. तळपायावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा. तेवढंही कळलं नाही तर खिळाही कळणार नाही. जोडीला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप जाणवतो का ते बघायचा चिमटा. तोही नसेल तर इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांची युक्ती आहे: रुग्णाने डोळे मिटायचे, आपण दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनी एक-दोन सेकंद हलकेच लावायची. दाबायचं नाही, टकटक करायची नाही, पुन्हा लावून बघायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना कळलं नाही, तर पाय धोक्यात आहे. जे शहर रोज सकाळी कचरा सहा प्रकारांत वेगळा करतं, त्याला सहा बोटं मोजणं जड जाऊ नये.

आणि मंत्रिमहोदय, हे काम आपल्या खात्याला नवीन नाही. कुष्ठरोग कार्यक्रमात कर्मचारी बॉलपेनचं टोक तळपायावर ठरलेल्या ठिकाणी टेकवून बधिरपणा तपासतात. ज्यांचे पाय बधिर झाले त्यांना एमसीआर रबराच्या मऊ तळाच्या चपला सरकार फुकट देतं. बधिर पाय कुष्ठरोगाने झाला काय नि शुगरने झाला काय, खिळा दोघांनाही सारखाच घुसतो. विद्या एका कपाटात आहे आणि रोगी दुसऱ्या रांगेत उभे आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही निघाले. म्हणजे ही दुसरी रांग किती लांब आहे ते आपणच बघा.

तीस वर्षांवरच्यांची शुगर-बीपी तपासणी आपण घरोघरी पोहोचवलीच आहे. त्याच कार्डावर पायाचा एक रकाना छापा: तारीख, उजवा, डावा. रकाना असला की तो भरावा लागतो, हे मास्तरकी केलेल्या बाईला कोणी शिकवायला नको. संजीवनी क्लिनिक आणि आरोग्य मंदिर या सरकारी दवाखान्यांतल्या सिस्टर, सीएचओ (सामुदायिक आरोग्य अधिकारी), आशाताई यांना कुष्ठरोगवाल्यांकडून एका दुपारी शिकवून घ्या. बसायला एक बुटका स्टूल द्या. साठीच्या बाईने पाय वर कुठे ठेवायचा? शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल त्यांचं बी-१२ जीवनसत्त्व बघा, कारण या गोळीने ते कमी होतं आणि त्यानेही नसा बिघडतात. बधिर निघेल त्याला त्या चपला द्या, आणि जखम असेल त्याला पुढे कुठे जायचं ते कार्डावरच लिहून द्या.

एक अडचण येईल, ती आधीच सांगते. आपल्या बायका पायाला हात लावू देत नाहीत. सिस्टर वाकली की पाय मागे घेतात आणि ‘‘असू दे गं, सुखी राहा’’ म्हणून मोकळ्या होतात.

मला हे ठाऊक आहे, कारण गेल्या महिन्यात आमच्या रामबागेतल्या भजनी मंडळात मी स्वतःच करून बघितलं. मी डॉक्टर नाही, हे सगळ्यांना सांगून. भजन संपल्यावर ज्यांना शुगर आहे त्या सतरंजीवर पाय पसरून बसल्या, हसत-खिदळत. आमच्या टाळ धरणाऱ्या काकू डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. मी अंगठा, मधलं बोट, करंगळी केली, दुसरा पाय केला, आणि हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

काकू तशाच डोळे मिटून म्हणाल्या, ‘‘कर की गं सुरू, मला घरी जाऊन कुकर लावायचाय.’’

आपली नम्र,
इंदूरची एक निवृत्त शिक्षिका