भाकऱ्या मोजणारा पट्टा

पुणे,
१८ मे

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार वगैरे तू समजून घे. तुझं पत्र येऊन सव्वा महिना झाला. उत्तर दिलं नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर भेटल्यावर घाल. फोन केला असता, पण फोनवर तू ‘जेवलीस का’पासून सुरू करतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं. शिवाय तू मधेच ‘जाऊ दे गं’ म्हणशील, ते मला नको आहे. चूक माझी आहे आणि ती सगळी लिहून काढायची आहे.

माझ्या पट्ट्याचं तुला ठाऊक आहेच. उन्हात किंवा शेगडीपुढे राबणाऱ्या माणसाला उष्णतेचा त्रास होण्याआधी सावध करणारा पट्टा. तू विचारलं होतंस, असली घड्याळं बाजारात दोन हजारांत मिळतात, तुझ्यात वेगळं काय? आत काहीच वेगळं नाही गं. तोच हिरवा एलईडी, परत आलेला उजेड मोजणारा तोच फोटोडायोड, हालचाल टिपणारा ॲक्सेलरोमीटर आणि कातडीच्या तापमानासाठी एक थर्मिस्टर. हिरवा उजेड रक्तात चांगला शोषला जातो, म्हणून ठोक्यागणिक परत येणारा उजेड जरासा घटतो. जरासा म्हणजे एकूण उजेडाच्या जेमतेम एक-दोन टक्के. त्या एक-दोन टक्क्यांवर आमचं सगळं दुकान चालतं. युक्तीही जुनीच, ॲलरिक हर्ट्झमनने १९३७ साली बोटावर उजेड टाकून नाडी टिपली होती. तुझ्या अकरावीच्या पोरांना मोबाइलचा कॅमेरा आणि फ्लॅश एकाच बोटाने झाकून व्हिडिओ काढायला सांग, नीट पाहिलं तर पडद्यावरचा लाल रंग ठोक्याबरोबर जरासा गडद-फिका होतो.

आमच्या एम. टेक.च्या पोरांवर पट्टा झकास चालला. त्यांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढवल्या, उतरवल्या, पुन्हा चढवल्या. छातीवर ईसीजीचे चिकटपट्टे आणि हातावर माझा पट्टा, दोन्हींचे आकडे असे जुळले की सरांनी सगळ्यांना भेळ दिली. तिथेच मला शंका यायला हवी होती. विशी-बाविशीची पोरं, हातात ना बांगडी ना पीठ.

मग मी सदाशिव पेठेतल्या एका बोळातल्या पोळी-भाजी केंद्रात गेले. एकच लांबट गाळा, चार शेगड्या, सहा बायका, आणि भिंतीत एक पंखा, जो आतली हवा बाहेर टाकतो की बाहेरची आत आणतो हे शेवटपर्यंत कळलं नाही. केंद्र चालवणाऱ्या काकू स्वतः घरून पोळ्या लाटून देत वर आलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला ताक पाजलं आणि म्हणाल्या, ‘माझ्या बायकांसाठी कुणी काही करतंय ना, मग ये बाई.’

भाकरीवाल्या आक्का सगळ्यांत थोरल्या. त्यांच्या मनगटाला पट्टा बांधला आणि दहा मिनिटांत नाडी १२४. मी घाबरले. ती १२४ वरून हलेचना. आक्का मात्र निवांत सुनेच्या तक्रारी सांगत होत्या. मग भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी लावायला त्या थांबल्या आणि आकडा धपकन ९६ वर. पुढचा गोळा घेतला, थापायला लागल्या, पुन्हा १२४. मी त्यांच्या गळ्याशी बोटं लावून मोजले तर ९८. शुभा, माझा पट्टा त्यांचं काळीज मोजतच नव्हता. तो भाकरी थापणं मोजत होता! सेकंदाला दोन थापा, मिनिटाला एकशे वीसच्या आसपास. माणसाची नाडीही त्याच घरातली, त्यामुळे बिचारा प्रोग्राम जो ताल मोठा त्याच्या मागे गेला.

त्यात बांगड्या. सहाही जणींच्या हातात काचेच्या, त्यामुळे पट्टा त्यांच्या वर सरकवून बांधावा लागला, आणि प्रत्येक थापेला बांगडी पट्ट्याच्या डबीवर टणकन आपटायची. डबी उचलली गेली की फटीतून ट्यूबलाइटचा उजेड आत. मी स्वतः बांगड्या घालत नाही, म्हणून दोन वर्षांत हे एकदाही डोक्यात आलं नाही. थर्मिस्टरची तर कथाच नको. हात तव्यापाशी गेला की तो ४१ दाखवायचा. तेव्हा आक्कांच्या काखेत तापमापक लावला तर ३७ सुद्धा नव्हतं. यंत्राने शेगडीला ताप आल्याचं निदान केलं होतं.

आता खरा भाग.

ताकुओ आओयागी तुला आठवतोय का? मी हॉस्टेलवर त्याच्याबद्दल बोलून तुझं डोकं खायचे. हा जपानी इंजिनियर रक्तात रंग सोडून, कानावर उजेड टाकून हृदय किती रक्त ढकलतं ते मोजू पाहत होता, आणि नाडीची थरथर त्याच्या आलेखात सारखी लुडबुड करत होती. ती घालवता घालवता त्याला उमगलं की या लुडबुडीतच रक्तातल्या ऑक्सिजनचा हिशोब दडलाय. साल १९७४. कोविडमध्ये घरोघरी बोटाला लावलेला तो चिमटा त्यातूनच आला. तर रात्री साडेअकराला आक्कांचा आलेख बघताना माझ्यातली आओयागी जागी झाली. म्हटलं, हा कचरा का फेकायचा? थापांचा एक झुबका, मग शांतता, मग पुन्हा झुबका. एक झुबका म्हणजे एक भाकरी. त्याच रात्री दोन वाजेपर्यंत बसून मोजणी लिहिली. दुसऱ्या दिवशी अडीच तास तिथे बसून भाकऱ्या हाताने मोजल्या, १४३. पट्ट्याच्या हिशोबाने १४१.

मला इतका आनंद झाला की मी लॅपटॉप उघडून तिथल्या तिथे सगळ्यांना दाखवला. हा आक्कांचा आलेख, हा मधल्या मावशींचा, ही बघा गंमत. काकू हात पुसत आल्या, चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, ‘अगंबाई! म्हणजे कुणाच्या किती झाल्या ते मला रोज मोबाइलवर दिसेल?’

थापण्याचा आवाज थांबला नाही. बोलणं तेवढं थांबलं. मग कोपऱ्यातली पोळ्यांवरची मुलगी हसत हसत म्हणाली, ‘मग आता हजेरी बंद आणि नगावर का हो काकू?’ तिच्याशिवाय कुणी हसलं नाही, आणि तीही नीट हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहापैकी तीन पट्टे ड्रॉवरमध्ये. एकीला पुरळ आलं होतं. एक म्हणाली, ‘पट्ट्याला लागून माझी बांगडी वाढली, सासू ओरडली.’ तिसरीने कारणही दिलं नाही. ज्या तिघींनी बांधले होते त्यांचे आकडे संध्याकाळी पाहिले, तर त्या दिवशी तिघीही आदल्या दिवसापेक्षा भराभर थापत होत्या. उष्णतेचा त्रास ओळखायला नेलेल्या यंत्राने बायकांना ३९ अंशांच्या दुपारी आणखी जोरात कामाला लावलं, हे आमच्या शोधाचं पहिलं फळ.

आणि संमतीपत्रक मीच लिहिलं होतं. सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत, ‘तुमची माहिती तुमच्या मालकांना दाखवली जाणार नाही.’ त्यावर सहा सह्या, त्यांतला एक अंगठा.

एथिक्स कमिटीला कळवलं. त्यांनी रीतसर खुलासा मागितला, तो दिला. सरांशी झालेलं बोलणं मात्र अजून डोक्यातून जात नाही. ते म्हणाले, चूक झाली ती दाखवण्यात, मोजणीत नाही. मोजणी ठेव, नावं काढ. नुसती नाडी आणि तापमान सगळेच करतात, कामाचा वेग हातावरून काढणं हाच आपला पेपर आहे. शुभा, ते चुकीचं बोलत नव्हते. शरीर काम करताना किती उष्णता तयार करतं हे कळल्याशिवाय उष्णतेच्या ताणाचं गणित सुटत नाही, आणि थापांचा वेग म्हणजे कामाचा वेग. पण सहा बायकांच्या गाळ्यात नाव काढून काय होतं? कुणाचा आलेख कुणाचा ते कुणीही ओळखेल. मी पट्ट्याच्या आतल्या प्रोग्राममधून (फर्मवेअर) मोजणी उडवली आणि हालचालीचा कच्चा आलेख साठवणंही बंद केलं. नाडी दुरुस्त करायला तो आतल्या आत वापरायचा आणि पुसून टाकायचा. त्यांना आवडलं नाही. आम्ही चहा वेगवेगळा पितोय सध्या.

त्यानंतर दहा दिवस पट्टे न नेता गेले. नुसती बसले, कणीक मळली (आक्कांच्या मते माझी कणीक म्हणजे सिमेंट). त्या दहा दिवसांत जे कळलं ते सेन्सरला दहा वर्षांत कळलं नसतं. या बायका दहा ते तीन घोटभर सोडून पाणीच पीत नाहीत. गाळ्याला संडास नाही. शेजारच्या वाड्यात जावं लागतं आणि तिथले लोक तोंड वाकडं करतात. आणि मी घामाचं बाष्पीभवन मोजत होते! एक लिटर घाम वाळला तर शरीराची जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, हे मला तोंडपाठ. पण घाम यायला आधी पाणी प्यावं लागतं, आणि त्या वाफेने भरलेल्या गाळ्यात तो वाळत नाही, कोपरावरून परातीत ठिबकू नये म्हणून पदराने टिपावा लागतो. उष्णतेच्या ताणाचं जे जगभर वापरलं जाणारं माप आहे, त्यात घराच्या आत सत्तर टक्के वजन ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरला आणि तीस टक्के काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला देतात. ते १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या कवायतीसाठी बसवलेलं. त्या सैनिकांना ‘पाणी पी’ म्हणून दरडावणारा हवालदार तरी असेल.

अकराव्या दिवशी आक्काच म्हणाल्या, ‘तुझं ते घड्याळ कुठंय?’ मी म्हटलं, मनगटावर नीट चालत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आपण पीएच.डी. असल्याची लाज वाटली. ‘मनगटावर कशाला मग? दंडाला बांध की, वाकीसारखं.’

दंडावर हालचाल कमी, मांस जास्त, बांगड्यांची कटकट नाही आणि तवा हातभर लांब. दंडावर बांधायचे नाडीचे पट्टे व्यायामवाले वापरतात, मलाही ते माहीत होतं, पण माझ्या डोक्यात घड्याळ बसलेलं. बांधून पाहिलं. थापताना १०१, थांबल्यावर ९९, गळ्याशी १००. मी काही बोलले नाही, लॅपटॉपही उघडला नाही. नुसती आक्कांच्या हातची भाकरी खाल्ली.

म्हणून सगळं सुटलं असं समजू नकोस. ब्लाउजच्या बाहीचा काठ पट्ट्याच्या कडेवर घासतो. घामाने इलॅस्टिक तासाभरात घसरतं, आणि आवळून बांधलं तर पीठ मळताना दंड फुगतो आणि वळ उठतो. तापकीर गल्लीत जाऊन चार प्रकारचे बेल्ट आणले, चारही फुकट गेले. दुसरं असं की आता आकडा कुणालाच दिसत नाही. पट्टा फक्त दंडावर थरथरतो, जिचा तिलाच कळतो. मी हे कौतुकाने सांगितलं तर मधल्या मावशी म्हणाल्या, ‘थरथरलं तर काय करू? अर्धी थापलेली टाकून बसू? कुठं बसू?’ काकूंना सांगितलं. त्या मनाने वाईट नाहीत. सिलिंडर आणि डब्यांची वेळ या दोन काळज्या त्यांना झोपू देत नाहीत. त्यांनी दारापाशी, वारा येतो तिथे, एक लाल प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. आठवडाभर त्यावर डब्यांच्या पिशव्याच बसल्या होत्या. परवा पाहिलं, पिशव्या खाली होत्या आणि पोळ्यांवरची मुलगी स्टुलावर बसून पाणी पीत होती. पट्टा थरथरला म्हणून की नुसता कंटाळा आला म्हणून, मी विचारलं नाही.

आता तुझ्याकडे काम. तुझ्या आजीची चांदीची वाकी अजून आहे ना? लग्नात तू ती घातली होतीस आणि दिवसभर जराही सरकली नव्हती, मला पक्कं आठवतंय, कारण माझी भाड्याची सारखी कोपरावर यायची. ती घट्ट नसूनही का बसते हे मला बघायचंय. मधला बाक दंडाच्या फुगवट्यावर येतो म्हणून, की टोकं दाबतात म्हणून? कागदावर ठेवून पेन्सिलीने बाहेरून आणि आतून आकार काढ, पत्र्याची जाडी पट्टीने मोज, आणि तोंड किती उघडं राहतं तेही लिही. फोटो नको, त्यात माप चुकतं. आणि पाठवण्याआधी एकदा घालून वीस मिनिटं कणीक मळ. सैल मळू नकोस.

तुझी,
माधुरी

ता. क. जेवले. मेथीची भाजी आणि आक्कांची भाकरी.