यंदा व्हडल्या दिवाळीला मी नसेन

पणजी, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांस साष्टांग नमस्कार.

फोनवरच बोलले असते. पण बाबा, घाट म्हटलं की तुम्ही फोन आईच्या हातात देता आणि पडवीत जाऊन बसता. मग आई म्हणते, "बघ बाय, तुला बरं वाटेल तसं कर." ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागतं. म्हणून लिहिते आहे.

आधी सांगूनच टाकते. दिवाळी झाली की 25 ऑक्टोबरला मोपाहून मुंबईमार्गे मी जपानला चालले आहे. 3 नोव्हेंबरला परत. सोबत फोंड्याची मैत्रीण आहे, आई तिला ओळखते. त्यातले चार दिवस आम्ही गाडी भाड्याने घेणार आहोत, आणि ती मी चालवणार आहे.

तिकिटं जूनमध्येच काढली होती. आईच्या मोतीबिंदूची तारीख तेव्हा ठरली नव्हती. ठरली त्या दिवशी मी सगळं रद्द करायला बसले होते, खरंच. पण डॉक्टरांनी सांगितलं की मी निघेन तोवर तिला चांगलं दिसायला लागेल. शाळेची मोठी सुट्टी मला दोनदाच, मे महिन्यात नाहीतर दिवाळीत, आणि ही पानं मे महिन्यात दिसत नाहीत. यंदा दिवाळी ऑक्टोबरातच आली म्हणून ते जुळलं. तुळशीचं लग्न, आपली व्हडली दिवाळी, मात्र एका दिवसाने चुकतंय, 2 तारखेला आहे. एक दिवस आधीचं परतीचं तिकीट फार महाग पडत होतं. बाबा, ऊस मी धरायचा आणि तुम्ही वृंदावनाला बांधायचा, हे मला आठवतंय तेव्हापासून चालत आलंय. त्याचं मला फार वाईट वाटतंय.

पानं कसली, असं आई विचारेल. आई, शाळेच्या मागचा तो देशी बदाम आठवतो? पौष-माघात त्याची पानं लाल व्हायची. पूर्ण लाल नव्हे, कडेने लाल, मधल्या शिरेपाशी पिवळी, आणि कुठेतरी हिरवा एक ठिपका राहून गेलेला. मी दप्तरात भरून आणायचे आणि तू त्यातलं एक चांगलंसं निवडून तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवायचीस. आपल्याकडे एवढीच काय ती पानगळ. तिथे निक्को म्हणून गाव आहे, त्याच्या वर डोंगरात 1,269 मीटर उंचीवर चुझेन्जी तळं आहे आणि त्या तळ्यातून निघालेला 97 मीटरचा केगोन धबधबा. ऑक्टोबरच्या शेवटी तो अख्खा डोंगर त्या बदामासारखा होतो. थंडी वर आधी पडते, म्हणून रंग शेंड्याकडून गावाकडे उतरत येतो. मला ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

आता घाट. बाबा, हे तुम्ही वाचा, आईला वाचून दाखवायला सांगू नका.

निक्कोहून तळ्याकडे जाणाऱ्या घाटाला इरोहाझाका म्हणतात. वळणं 48. त्यांच्या जुन्या मुळाक्षरांचा क्रम 'इ-रो-हा' असा सुरू होतो, आणि प्रत्येक वळणावर त्यातलं एकेक अक्षर पाटीवर लिहिलेलं असतं. पण मला तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच. चढायचा रस्ता निराळा आणि उतरायचा निराळा. चढताना 20 वळणं, उतरताना 28. दोन्ही रस्ते एकेरी आहेत. समोरून गाडी येतच नाही, बाबा. ट्रक नाही, बस नाही, कुणाचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत. हे कळलं तेव्हाच मी तिथे गाडी चालवायचं ठरवलं.

चोर्ला घाटातल्या त्या रात्रीनंतर तुम्ही खुंटीवरची गाडीची किल्ली काढली नाही. मी मागे आईच्या मांडीवर झोपले होते, मला फक्त तो उजेड आठवतो. आणि तुमचा हात, जो तुम्ही आधी मागे, आमच्याकडे नेलात. तुमची चूक नव्हती. इतक्या वर्षांत हे आपल्या घरात कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

बाकीचंही सगळं नीट बघितलंय. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढलाय, फी 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. टोकियोच्या गर्दीत गाडी घ्यायचीच नाही, उत्सुनोमियापर्यंत रेल्वेने जाऊन तिथून घ्यायची. घाट शनिवार-रविवारी तुंबतो, म्हणून मंगळवार धरलाय. रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी पूर्ण थांबवायची, असा तिथला कायदा आहे आणि मी तो पाळणार आहे. सूर्य पाचच्या आत मावळतो, तेव्हा चार वाजता गाडी उभी. तिथले चार म्हणजे तुमचे साडेबारा. पानं मांडायच्या वेळी रोज माझा फोन येईल.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. भात आणि मासे खाणारा देश आहे. त्यांचा साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला, मीठ लावून भाजतात. सोलकढी मिळणार नाही, ती आल्यावर तुझ्या हातची. डोंगरातल्या मुक्कामी जमिनीवर गादी घालून झोपायचं, आणि गरम पाण्याचे झरे आहेत, त्यामुळे कुडकुडणार नाही. रस्त्याच्या कडेला जागोजागी सरकारमान्य थांबे आहेत, तिथे स्वच्छ शौचालय असतं आणि त्या गावचे शेतकरी भाजी-फळं विकायला ठेवतात. स्वेटर दोन घेतलेत. तो तू विणलेला निळाही.

आता तुम्ही माझं ऐकायचं. आई, डोळ्यात थेंब घड्याळ लावून घालायचे, आठवण झाली की घालू असं नाही. वाकून केर काढायचा नाही. चुलीवर पाणी तापवायचं नाही, धूर डोळ्याला चालत नाही. फोवांचे पाच प्रकार यंदा दोनच झाले तरी नरकासुर मरायचा राहणार नाही. बाबा, प्रेशरची गोळी नाश्त्यानंतर, देवपूजेच्या आधी. मागच्या पायऱ्यांवरचं शेवाळ मी शनिवारी येऊन खरवडते, तोवर त्या वाटेने पोरसात जायचं नाही. तुळशीसाठी ऊस बाजारातून आणायचा, चिंचा-आवळ्याची डहाळी शेजारचा मुलगा काढून देईल. तुम्ही कोयता हातात घ्यायचा नाही. ऊस धरायला दादा मडगावहून येतो म्हणालाय. त्याला रागावू नका, तो तिरका धरतो.

एक मागणं आहे. मी शनिवारी रात्री घरीच राहते आहे. रविवारी सकाळी, नरकासुरांची गर्दी सुरू व्हायच्या आत, तुम्ही माझ्या बाजूच्या सीटवर बसा. मी गियर कसा टाकते, वळणावर हॉर्न देते की नाही, आरसा बघते की नाही, ते बघा आणि चुकलं तर रागवा. साखळीपर्यंतच जाऊ. तिथे चहा घेऊ. पुढे केरीकडे, चोर्ल्याच्या वाटेला, वळायचं की घरी परतायचं, ते तुम्ही सांगा.

तुमची,
बाय