आषाढात एकदा नेऊन आण

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत राहून गेलेल्या प्रवासाबद्दल वाचकांची मनोगतं वाचली. कुणाचं लडाख राहिलंय, कुणाची नर्मदा परिक्रमा, एका ताईंचं स्वित्झर्लंड. खरं सांगतो, मला एकाचीही हळहळ वाटली नाही. लडाख लांबचं, खर्चाचं. राहिलं तर राहिलं. माझं जे राहिलं ते लोंढ्याला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचता येईल इतकं जवळ होतं. म्हणून हे पत्र.

मी बेळगावातल्या शहापूरचा शिंपी. आता वय सत्तर, दुकान मुलगा बघतो. माझी आई कुळ्याची. कुळे म्हणजे घाट उतरल्यावर लागतं ते गोव्याचं स्टेशन. आजोबांची तिथे स्टेशनाबाहेर चहाची टपरी होती. आई १९५३ साली लग्न होऊन शहापूरला आली. पुढे १५ ऑगस्ट १९५५ ला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, भारताने नाकेबंदी केली आणि घाटमाथ्यावरच्या, आपल्या हद्दीतल्या कॅसलरॉक स्टेशनाच्या पुढे गाडी जायची बंद झाली. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं. आमच्या घरात त्याचा अर्थ असा, की आजोबा वारले ते आईला दीड महिन्याने कळलं, तेही कुणाकुणाच्या तोंडून. माहेर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि मध्ये परका मुलूख. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर १९६३ च्या शिमग्याला ती मला घेऊन कुळ्याला गेली. मी सात वर्षांचा. इंजिनाच्या कोळशाचा कण डोळ्यात गेला होता आणि आईने पदराचं टोक ओलं करून तो काढला, एवढं आठवतं. घराला कुलूप होतं, मामा मडगावला गेलेला.

त्या गाडीतून दूधसागर दिसला. फाल्गुनात काय दिसणार? काळ्या कातळावर एक पांढरा दोरा. आई म्हणाली, लग्नात आले तेव्हाही असाच होता, वैशाखात. जन्म धबधब्याच्या पायथ्याशी, आणि भरलेला दूधसागर तिने कधी पाहिलाच नव्हता. पावसाळ्यात पोरीबाळींना कोण घाटात नेतंय? तिथून तिचं एकच सुरू झालं : “आषाढात एकदा नेऊन आण रे. उदक बघायचंय.” बेळगावात जवळजवळ अडतीस वर्षं काढली, तरी पाण्याला ती उदकच म्हणायची.

मी नेलं नाही. कारणही सांगतो, हसू नका. शाळा उघडल्या की शिंप्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. खाकी चड्ड्या, निळे स्कर्ट, पांढऱ्या शर्टांचे ढीग छतापर्यंत. जून युनिफॉर्ममध्ये जायचा, जुलै युनिफॉर्ममध्ये जायचा. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाआधी सगळं हातावेगळं करायचं, की लगेच गणपती, मग दसरा-दिवाळी. दिवाळीला हात मोकळे होईपर्यंत दूधसागर परत दोरा झालेला. “पुढच्या वर्षी नक्की” हे मी किती वेळा म्हणालो असेन, मोजदाद नाही. आई दुकानात माझ्यामागे चटईवर बसून काजं करायची. कपिलेश्वराच्या बाजूने गाडीची शिट्टी ऐकू आली की सुई क्षणभर काजात तशीच थांबायची, मग पुढचा टाका. बोलायची काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी दोन शब्द उलटे तरी बोललो असतो.

आणि गंमत बघा. तसंही मी कपडे कधी वेळेवर दिले? शहापुरातल्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारा. “उद्या या” हे आमचं ब्रीदवाक्य. दोन दिवस शटर ओढून आईला घेऊन गेलो असतो तर शर्ट तितकेच उशिरा मिळाले असते, आणि शिव्याही तितक्याच.

आई १९९१ च्या माघात गेली. पुढे काही वर्षांत मीटरगेजचे रूळही निघाले, ब्रॉडगेज आलं. तो घाट फार चढाचा, सदतीस फुटांना एक फूट चढतो, म्हणून कुळ्यातून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. पूर्वीही लावायचे, अजूनही लावतात. गाडी तेवढी बदलली.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी नातवाला घेऊन गेलो. एक्सप्रेस गाडी, खिडकीची जागा मुद्दाम मागून घेतलेली. दूधसागर आला आणि बाहेर निव्वळ पांढरं धुकं. डब्यातली पोरं ओरडत होती, म्हणजे आला असावा. पायाखालून गडगड आवाज, चष्म्यावर पाणी. ते पावसाचं की धबधब्याचं, कसं ओळखायचं? नातू विचारतोय, “आजोबा, कुठाय?” गाडी थांबली नाही. मिनिटभरात बोगदा.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत रेल्वेला एक विनंती. पावसाळ्याचे तीन महिने बेळगावहून कुळ्यापर्यंत दिवसाउजेडी जाणारी एक पॅसेंजर सोडावी आणि ती दूधसागरवर पाच मिनिटं उभी करावी. धुकं असलं तर पाच मिनिटांत हलतं, घाटातली माणसं हे जाणतात. कुणाला खाली उतरू देऊ नका. रुळांवरून चालत जायला रेल्वेने बंदी घातली आहे ती योग्यच आहे. पोरं तिथे फार माकडचाळे करतात. म्हाताऱ्या माणसांना खिडकीतून दिसलं तरी पुष्कळ.

हे पत्र सौभाग्यवतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दूधसागर राहू दे, आपल्या माडीवरून समोर येळ्ळूरचा राजहंसगड दिसतो, लग्न झाल्यापासून तिथे नेतो म्हणताय. चाळीस वर्षं झाली. रविवारी जाऊया म्हणालो. रविवारी मुलाकडे लग्नाच्या ब्लाउजांची घाई आहे, पण त्याला सांगितलंय, गिऱ्हाइकांना उद्या या म्हण.

आपला,
एक जुना वाचक,
शहापूर, बेळगाव